वायर दुकानदाराची, मग धंदा कुणाचा? एसटीडी बूथपासून पीएम-वाणीपर्यंतची गोष्ट

पिवळा बोर्ड, त्यावर काळ्या-लाल अक्षरांत 'एसटीडी, आयएसडी, पीसीओ'. आत काचेची केबिन आणि लाल आकडे पळवणारं मीटर. रात्री उशिरा दर कमी व्हायचे, म्हणून जेवणं उरकून लोक रांग लावायचे. आज तिशीच्या आत असलेल्यांनी हे सगळं एकतर सिनेमात पाहिलंय किंवा आई-वडिलांकडून ऐकलंय.

पण त्या बूथमध्ये एक मोठी गोष्ट घडत होती. देशाचं टेलिफोन नेटवर्क सरकारचं होतं आणि त्याचं शेवटचं टोक मात्र एका साध्या दुकानदाराच्या ताब्यात होतं. तो त्यावर पोट भरत होता आणि आख्खी गल्ली त्याच्याकडून फोन करत होती.

२०२० मध्ये केंद्र सरकारने हीच कल्पना इंटरनेटसाठी पुन्हा आणली. नाव दिलं पीएम-वाणी. चहाची टपरी असो, किराणा दुकान असो की सलून, कुणीही लायसन्स न घेता वाय-फाय विकू शकतो, अशी ही योजना. कागदावर एकदम भारी. तरीही तुमच्या गल्लीत असं दुकान तुम्हाला बहुतेक दिसलं नसेल.

असं का झालं? त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. नेटवर्कचा एखादा तुकडा सामान्य माणसाच्या मालकीचा असतो, तेव्हा त्याच्या हातात नक्की काय असतं?

तीन प्रश्न लक्षात ठेवा

कुठलंही टेलिकॉम नेटवर्क रस्त्यांसारखं असतं. महामार्ग म्हणजे शहरं जोडणाऱ्या जाड फायबर केबल. जिल्हा रस्ता म्हणजे शहरातलं एक्स्चेंज किंवा टॉवर. आणि शेवटची गल्ली म्हणजे तुमच्या घरापर्यंत येणारी वायर किंवा वाय-फाय. महामार्ग बांधायला हजारो कोटी लागतात, ते काम कंपन्यांचं किंवा सरकारचं. शेवटच्या गल्लीचं गणित उलटं असतं. तिथे पैसा कमी लागतो, पण कष्ट आणि ओळख जास्त लागते. कुणाच्या गच्चीवरून वायर न्यायची, कुणाकडे उधारी ठेवायची, पावसात लाइन गेली तर रात्री शिडी कोण लावणार, ही कामं मुख्यालयात बसून होत नाहीत.

म्हणूनच विकसनशील देशांमध्ये ही शेवटची गल्ली अनेकदा स्थानिक माणसाकडे जाते. पण त्याचं भलं होणार की नाही, हे तीन प्रश्नांवर ठरतं. वस्तू कुणाची? मोजणारं मीटर कुणाचं? आणि घाऊक दर कोण ठरवतो?

आता या तीन प्रश्नांवर जुने प्रयोग तपासून पाहू.

पीसीओ : मीटर सगळ्यांसमोर

१९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था सुरू झाली. सॅम पित्रोदा हे तिच्यामागचं सगळ्यात ओळखीचं नाव. त्या काळात घरी फोन मिळवायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. सी-डॉटने एअर कंडिशनरशिवाय चालणारं छोटं ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं. भारतातली धूळ, उकाडा आणि लोडशेडिंग यांचा विचार करून.

त्याला जोड मिळाली दुसऱ्या एका कल्पनेची. प्रत्येक घरात फोन देणं शक्य नसेल, तर प्रत्येकाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक फोन द्यायचा. तो चालवायचा खासगी माणसाने. अनेक बूथ दिव्यांग व्यक्तींना प्राधान्याने मिळाले.

बूथवाल्याची मालकी कशावर होती? दुकान त्याचं, केबिन त्याची, मशीन त्याचं. लाइन मात्र टेलिफोन खात्याची. दर सरकारने ठरवलेले आणि बिलातला ठराविक हिस्सा कमिशन म्हणून बूथवाल्याचा. मीटरवरचे आकडे गिऱ्हाईकालाही दिसायचे आणि मालकालाही. कुणी कुणाला फसवायला जागा कमी होती. पहिला महिना संपला की आपल्याला काय सुटतं, हे बूथवाल्याला कळायचं. एवढी स्पष्टता पुरेशी होती. देशभर लाखो बूथ उभे राहिले.

मग मोबाईल आला. २००३ मध्ये इनकमिंग मोफत झालं, हँडसेट स्वस्त झाले आणि बूथची केबिन हळूहळू झेरॉक्स मशीन ठेवायच्या किंवा मोबाईल रिचार्जच्या कामाला लागली.

बांगलादेश : फोन बाईचा, नेटवर्क कंपनीचं

जवळपास त्याच काळात शेजारच्या बांगलादेशात वेगळा प्रयोग चालू होता. इक्बाल कादिर या अमेरिकेत काम करणाऱ्या बांगलादेशी माणसाच्या डोक्यात कल्पना आली, की ग्रामीण बँक बायकांना गाय घ्यायला कर्ज देते, तर मोबाईल घ्यायला का देऊ नये? गायीच्या दुधासारखीच फोनची मिनिटं विकता येतील.

मुहम्मद युनूस यांची ग्रामीण संस्था आणि नॉर्वेची टेलेनॉर कंपनी एकत्र आली. मार्च १९९७ मध्ये ग्रामीणफोन सुरू झाली. गावातल्या बायका ग्रामीण बँकेकडून कर्ज काढून हँडसेट घ्यायच्या आणि गावकऱ्यांना मिनिटाच्या हिशेबाने फोन करू द्यायच्या. त्यांच्यासाठी मिनिटं घाऊकात, सवलतीच्या दराने घेतली जायची. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवलेलं होतं. अशा 'फोनवाल्या बायकां'ची संख्या पुढे दोन लाखांच्या वर गेली.

पण इथेही पुढे तेच झालं. गावागावात प्रत्येकाच्या हातात स्वतःचा मोबाईल आला आणि बाईकडे येऊन फोन करायची गरज संपली. तिच्याकडे उरला एक हँडसेट. नेटवर्कची किंमत मात्र वाढतच गेली. २००६ मध्ये नोबेल मिळाल्यावर युनूस यांनी जाहीरपणे मागणी केली, की टेलेनॉरने कंपनीतला बहुमताचा वाटा ग्रामीणकडे द्यावा. टेलेनॉरने नकार दिला. २००९ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा टेलेनॉरकडे सुमारे ५६ टक्के आणि ग्रामीण टेलिकॉमकडे सुमारे ३४ टक्के वाटा होता.

ज्या बायकांनी गावोगावी नेटवर्कला गिऱ्हाईक मिळवून दिलं, त्यांची मालकी हँडसेटपुरतीच होती.

केबलवाला : वायरचा खरा मालक

आता आपल्या ओळखीच्या माणसाकडे येऊ. गल्लीतला केबलवाला.

पीसीओवाल्याकडे मशीन होतं, बांगलादेशातल्या बाईकडे फोन होता. केबलवाल्याकडे थेट नेटवर्कच होतं. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या चाळी आणि सोसायट्यांमध्ये एका व्हीसीआरवरून घराघरांत वायर टाकून सिनेमे दाखवले जायचे. १९९१ नंतर परदेशी चॅनेल आले, गच्चीवर डिश लागल्या आणि वायर एका इमारतीवरून दुसरीवर जात राहिली. ही वायर कुठल्या सरकारने टाकली नव्हती की कुठल्या बड्या कंपनीने. कायदा आला तो १९९५ मध्ये. त्यानुसार नोंदणी करायची तीही पोस्टात.

त्या काळी केबलवाल्याकडे दोन गोष्टी होत्या. वायर त्याची आणि मीटरही त्याचंच. किती घरांत कनेक्शन आहे, हे फक्त त्याला माहीत. वरच्या कंपनीला सांगायचा आकडा वेगळा आणि वसुलीच्या वहीतला वेगळा, हे त्या धंद्यातलं उघड गुपित होतं.

मग सेट-टॉप बॉक्स आला. मुंबईत १ नोव्हेंबर २०१२ पासून तो सक्तीचा झाला. प्रेक्षकासाठी ती चित्र सुधारल्याची बातमी होती. केबलवाल्यासाठी मात्र मीटर हातातून गेल्याची. आता प्रत्येक बॉक्सची नोंद वरच्या कंपनीच्या संगणकात होऊ लागली. आकडे लपवणं बंद झालं, हे चांगलंच. पण त्याबरोबर वाटाघाटीची ताकदही गेली.

पुढे ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, वाटणीचा नियम केला. २०१७ च्या नियमानुसार दोघांत वेगळा करार नसेल, तर नेटवर्क शुल्कातले ५५ टक्के वरच्या कंपनीला आणि ४५ टक्के केबलवाल्याला. तेव्हा पहिल्या १०० चॅनेलसाठी हे शुल्क कर सोडून जास्तीत जास्त १३० रुपये होतं. म्हणजे एका घरामागे केबलवाल्याच्या वाट्याला साधारण ५८ रुपये. त्यात वसुली, दुरुस्ती, पोरांचे पगार, सगळं आलं.

वायर अजूनही त्याचीच आहे. पण त्या वायरमधून काय जाणार, कितीला जाणार आणि हिशेब कुठे होणार, हे आता तो ठरवत नाही. अनेक केबलवाल्यांनी मग त्याच खांबांवरून फायबर टाकलं आणि ब्रॉडबँडचे स्थानिक पार्टनर झाले. आज निमशहरी महाराष्ट्रात 'नेट बंद आहे' म्हणून ज्याला फोन जातो, तो बऱ्याचदा जुना केबलवालाच असतो.

मग पीएम-वाणी म्हणजे काय?

९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेला मंजुरी दिली. समजून घ्यायला यूपीआय डोळ्यासमोर ठेवा. यूपीआयमध्ये बँक वेगळी, अॅप वेगळं, दुकानदार वेगळा, पण सगळे एकमेकांशी बोलतात. पीएम-वाणीतही तसेच चार भाग आहेत.

पहिला, पीडीओ म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस. हा आपला दुकानदार. तो एखाद्या कंपनीकडून इंटरनेट घेतो, राउटर लावतो आणि गिऱ्हाईकाला वाय-फाय देतो. त्याला लायसन्स लागत नाही, सरकारकडे नोंदणी लागत नाही आणि शुल्कही नाही.

दुसरा, पीडीओए. हा अनेक दुकानदारांना एकत्र जोडणारा मध्यस्थ. गिऱ्हाईकाची ओळख तपासणं, हिशेब ठेवणं, नोंदी सांभाळणं ही कामं त्याची. त्याला दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागते.

तिसरा, अॅप देणारा. तुम्ही एकदा ओटीपीने नोंदणी करायची, मग जवळचे हॉटस्पॉट त्या अॅपमध्ये दिसतात. चौथी, सी-डॉटने सांभाळलेली केंद्रीय यादी, ज्यात मध्यस्थ आणि अॅपवाल्यांची माहिती असते.

कल्पना अशी, की ५-१० रुपयांत छोटं पाकीट घ्यायचं, शाम्पूच्या पुडीसारखं. ट्रायने २०१७ मध्ये याची चाचणी घेतली, तेव्हा पाकिटं २ रुपयांपासून ठेवली होती.

'पण मोबाईल डेटा एवढा स्वस्त असताना वाय-फाय कोण घेणार?' हा प्रश्न योग्य आहे. गुगलने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनपासून मोफत वाय-फाय सुरू केलं, ते ४०० हून जास्त स्टेशनांवर नेलं आणि २०२० मध्ये हेच कारण देऊन ते आवरतं घेतलं.

पण सगळ्यांची गरज सारखी नसते. लॅपटॉपवर स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ डाउनलोड करणारा, रिचार्ज संपल्यावर महिनाअखेरपर्यंत ढकलणारा, किंवा जिथे मोबाईलची रेंज एकच दांडी दाखवते अशा गावात ऑनलाइन फॉर्म भरणारा. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवल्यावर असा माणूस जास्तच अडचणीत आला. त्याला २८ दिवसांचा पॅक नको असतो, एका तासाचं नेट हवं असतं.

घोडं कुठे अडलं?

२०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल धोरणात २०२२ पर्यंत १ कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचं लक्ष्य होतं. पीएम-वाणीचा आकडा काही लाखांच्या पुढे गेला नाही.

कारण तिसरा प्रश्न. घाऊक दर.

दुकानदाराने घरगुती फायबर कनेक्शन घेऊन त्यावर वाय-फाय विकलं तर कंपन्या म्हणायच्या, हे घरगुती वापरासाठी आहे, विक्रीसाठी नाही. तुम्ही व्यावसायिक लीज्ड लाइन घ्या. या लीज्ड लाइनचा दर किती? ट्रायने तुलना केली तेव्हा १०० एमबीपीएससाठी तो घरगुती दराच्या साधारण ४० ते ८० पट निघाला.

म्हणजे काय, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा घरगुती प्लॅन महिना ७०० रुपयांना आहे. दुकानदार १० रुपयांचं पाकीट विकतो आणि त्यातले ५ रुपये त्याला मिळतात. कर, वीज आणि राउटरचा खर्च बाजूला ठेवू.

लीज्ड लाइन ४० पट धरली तर महिन्याचा खर्च २८,००० रुपये. तो भरून काढायला महिन्याला ५,६०० पाकिटं विकावी लागतील, म्हणजे दिवसाला जवळपास १८७. एवढी गर्दी रेल्वे स्टेशनवर असते, वडापावच्या गाडीवर नाही.

तोच प्लॅन घरगुती दराच्या दुप्पट भावाने, म्हणजे १,४०० रुपयांना मिळाला, तर दिवसाला ९-१० पाकिटांत खर्च निघतो. हे कुठल्याही नाक्यावरच्या दुकानाला जमण्यासारखं आहे.

योजनेत लायसन्स माफ होतं, शुल्क माफ होतं. पण दुकानदाराला माल कुठल्या भावाने मिळणार, हे सुरुवातीला कुणी ठरवलंच नव्हतं.

कंपन्यांची बाजूही ऐका

कंपन्यांचा विरोध निव्वळ हट्ट नव्हता. १०० एमबीपीएसचा घरगुती प्लॅन स्वस्त असतो, कारण सगळी घरं एकाच वेळी पूर्ण वेग वापरत नाहीत, हे कंपनीने गृहीत धरलेलं असतं. एकच क्षमता अनेकांत वाटली जाते. एका कनेक्शनवर दिवसभर वीस अनोळखी माणसं बसली तर हे गणित बिघडतं. शिवाय स्पेक्ट्रम आणि फायबरवर पैसा आम्ही ओतायचा आणि आमच्याच मालावर दुसऱ्याने आमच्याशी स्पर्धा करायची, हे कसं? असा त्यांचा सवाल होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने मसुदा काढला, की पीडीओला घरगुती दरानेच कनेक्शन द्या. कंपन्यांच्या संघटनेने जोरदार विरोध केला. शेवटी जून २०२५ मध्ये मधला मार्ग निघाला. २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओला द्यायचे आणि दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचा नाही.

योजना मंजूर झाल्यापासून हा एक आकडा ठरायला साडेचार वर्षं लागली.

आता तीन प्रश्न पुन्हा विचारू

पीएम-वाणीत वस्तू कुणाची? राउटर दुकानदाराचा. घाऊक दर कोण ठरवतो? कंपनी, पण आता वरची मर्यादा ट्रायची. मीटर कुणाचं? मध्यस्थाचं, म्हणजे पीडीओएचं. आणि हा प्रश्न अजून उघडा आहे. केबलच्या धंद्यात वाद झाला तर ४५ टक्क्यांचा नियम तरी आधाराला होता. पीएम-वाणीत दुकानदार आणि मध्यस्थ यांच्यातली वाटणी दोघांच्या कराराने ठरते. किती जणांनी किती डेटा वापरला, हे दुकानदाराला मध्यस्थाच्याच अॅपवर पाहावं लागतं. पीसीओच्या मशीनवर ते लाल आकड्यांत समोर दिसायचं.

म्हणून कुणी पीडीओ व्हायचा विचार करत असेल, तर सही करण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. प्रत्येक पाकिटामागे हिस्सा किती आणि तो किती दिवसांत खात्यात येणार? रोजचा वापर स्वतःला पाहता येणार का? राउटर विकत घेतला तर मध्यस्थ बदलल्यावर तोच राउटर चालणार का? आणि कनेक्शन ट्रायच्या पीडीओ दराने मिळतंय का, की जुन्या व्यावसायिक दराने?

जाता जाता, गच्चीवरच्या टॉवरबद्दल

'गच्चीवर टॉवर बसवा, महिना हजारो रुपये कमवा' असे मेसेज तुम्हालाही आले असतील. हा प्रकार आणि पीएम-वाणी यांची गल्लत करू नका. टॉवरमध्ये घरमालक नेटवर्कचा मालक होत नाही, तो फक्त जागा भाड्याने देतो. भाडं कंपनी त्याला देते, तो कंपनीला काही देत नाही. त्यामुळे 'सरकारी कर', 'एनओसी फी' किंवा 'अॅडव्हान्स' म्हणून कुणी आधी पैसे मागत असेल तर तो फसवणूक करतोय. ट्राय टॉवरसाठी अशी कुठलीही एनओसी देत नाही, हे ट्रायनेच वारंवार जाहीर केलं आहे. पीडीओ होण्यासाठीही सरकारला एक रुपया भरावा लागत नाही. 'पीएम-वाणीचं लायसन्स काढून देतो' म्हणणाऱ्यालाही तोच नियम लावा.

पीसीओ चालला, कारण बूथवाल्याला पहिल्या दिवसापासून भाव माहीत होता आणि मीटर डोळ्यांसमोर होतं. पीएम-वाणीत भावाचा प्रश्न निदान मर्यादेपुरता सुटला आहे. आता कंपन्या तो दर खरोखर देतात का आणि वाटणीचा हिशेब दुकानदाराला दिसतो का, यावर नाक्यावरच्या दुकानात वाय-फायचा बोर्ड लागणार की नाही हे ठरेल.